सात रस्त्यावरचा तोरा वर्ग: पैसे वसूल, शेवट मात्र घाईचा

आधी व्यवहाराचं बोलते. फी ₹२,५००. तीत झेरॉक्सचा जाडजूड गठ्ठा, रंगीत पेन्सिली आणि दर रविवारी चहा-खारी. जागा सात रस्त्याजवळच्या एका जुन्या इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर. लिफ्ट नाही, जिना लाकडी, पायऱ्या उंच. गुडघ्यांची तक्रार असेल तर सोबत कुणाला तरी आणा. महालक्ष्मी स्टेशनवरून चालत येता येतं. ठाण्याकडून येणाऱ्यांनी रविवारचा मेगाब्लॉक बघून निघावं, नाहीतर पहिला अर्धा तास गेलाच म्हणून समजा. वर्गाला नाव नाही आणि दारावर पाटीही नाही. ओळखीतून व्हॉट्सअ‍ॅपवर निरोप फिरतो, तेवढीच त्याची जाहिरात. त्यामुळे इथेही नाव सापडणार नाही.

विषय मात्र निरोपात सरळ लिहिला होता. तोरा, म्हणजे मोशेच्या नावावरची बायबलची पहिली पाच पुस्तकं, देवाने दिली असं मानायचं, आणि ती कुणी, केव्हा, किती हातांनी लिहिली हेही विचारायचं. हे दोन्ही एकाच माणसाला जमतं का? आपल्या बेने इस्राएल, म्हणजे कोकणातल्या यहुदी समाजात असा विषय चारचौघांत निघाला की कुणीतरी "चला, पानं वाढलीत" म्हणून तो मिटवतं. मी नाव नोंदवलं ते थोडं कुतूहलाने आणि बरंचसं धंद्याच्या सवयीने. माझी उमर मुद्रितशोधनात गेली, गिरगावात शिशाचे खिळे जुळवत होते तेव्हापासून. एखादा प्रसंग दोनदा आला, मधेच पात्राचं नाव बदललं, आधीच्या पानावर मेलेला माणूस पुढच्या पानावर बोलायला लागला, की माझा डोळा तिथे अडतो. शनिवारी सिनेगॉगमध्ये परशा (तोराचा त्या आठवड्याचा भाग) वाचली जाते तेव्हाही तो अडायचा. तिथे समासात खूण करायची सोय नसते, म्हणून गप्प बसायचे.

सर आपलेच, माझगावात वाढलेले. पुढे बरीच वर्षं यरुशलेममध्ये हिब्रू आणि बायबलचा अभ्यास करून परत आलेत. शब्बाथ (शनिवारचा विसावा) काटेकोर पाळतात. त्यांच्या शिकवण्यातली मला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे पहिल्या बैठकीत त्यांनी भाषण केलंच नाही. तोराच्या पहिल्या पुस्तकाचे, उत्पत्तीचे, ६ ते ९ अध्याय (नोहाचा जलप्रलय) मराठीत छापून हातात दिले आणि म्हणाले, जिथे नुसतं 'देव' आहे ते निळं करा, जिथे 'परमेश्वर' आहे ते लाल करा, आणि प्रत्येक रंगात प्राणी किती आणि दिवस किती ते बाजूला लिहा. मराठी बायबलमध्ये ही दोन नावं वेगळी ठेवलेली असल्यामुळे हिब्रूचं अक्षर न येणाऱ्या बाईलाही हे करता येतं. माझ्या शेजारी ठाण्याच्या एक आंटी होत्या. त्यांचा मुलगा इस्रायलमध्ये अश्दोदला स्थायिक आहे, आणि त्या "मुलगा विचारतो ते मला कळायला हवं" म्हणून आल्या होत्या. त्यांनी पाच मिनिटांत पकडलं: ६:१९ मध्ये देव नोहाला प्रत्येक जातीची एकच जोडी घ्यायला सांगतो, ७:२ मध्ये परमेश्वर शुद्ध प्राण्यांच्या सात जोड्या मागतो. एकीकडे ४० दिवस पाऊस, दुसरीकडे १५० दिवस पाण्याचा जोर. मग सरांनी आधी फक्त निळं वाचून घेतलं, नंतर फक्त लाल. दोन्ही वेळा एक जवळपास अखंड गोष्ट तयार झाली. आंटी माझ्याकडे वळून म्हणाल्या, "अगं, हे तर दोन जणांचं हस्तलिखित एकत्र जुळवलंय." मी धंद्यातली, पण हे वाक्य माझ्याआधी त्या बोलल्या.

त्याच दिवशी योसेफाची विक्रीही झाली. उत्पत्ती ३७ मध्ये त्याला विहिरीतून कोण काढतं, कोण विकतं, इश्माएली की मिद्यानी, हे मन लावून वाचा. दोनदा वाचलं तरी हिशेब लागत नाही. आणि ज्या पेसाहच्या सणावर आपण सगळे जगतो त्याचंही तसंच. निर्गम १२ मध्ये कोकरू घरोघरी, चौकटीला रक्त, आणि मांस पाण्यात शिजवायचं नाही, आगीवर भाजायचं. अनुवाद (तोराचं पाचवं पुस्तक) १६ मध्ये घरी करायचंच नाही, परमेश्वर निवडेल त्या एकाच ठिकाणी जायचं, तिथे गुरंही चालतात, आणि हिब्रूत क्रियापद शिजवण्याचं. इतिहासाच्या दुसऱ्या पुस्तकात (३५:१३) कुणीतरी दोन्ही आज्ञा एका वाक्यात बसवून मोकळा झालाय: आगीवर शिजवलं. त्या लेखकाबद्दल मला फार आपुलकी वाटली. दोन्ही प्रती समोर आहेत, दोन्ही पवित्र आहेत, आणि अंक उद्या छापायला जायचाय!

यानंतरच्या बैठकांत इतिहास होता. तो सरांनी झरझर उरकला आणि बरं केलं. मोशेने तोरा लिहिली नाही म्हणणारा तत्त्वज्ञ स्पिनोझा, १६७०. फ्रान्सचा डॉक्टर आस्त्र्युक १७५३. आणि गंमत म्हणजे दोन नावांवरून दोन कागदपत्रं वेगळी करणाऱ्या या माणसाला मोशेला वाचवायचं होतं. त्याचं म्हणणं, मोशेनेच जुने कागद समोर ठेवून लिहिलं. १८०५ मध्ये द वेटने अनुवादाचं पुस्तक मोशेच्या कितीतरी नंतरच्या योशिया राजाच्या काळाशी जोडलं, आणि १८७८ मध्ये वेलहाउझेनने जे, ई, डी, पी अशी अक्षरं दिलेल्या चार लेखी स्रोतांची पक्की मांडणी केली. आमच्या पेन्सिली त्याच्याच. सर दोन गोष्टी प्रामाणिकपणे सांगून पुढे गेले. एक, ही चार रंगांची वाटणी आज सगळे अभ्यासक तशीच मानत नाहीत. ई नावाचा वेगळा स्रोत होता की नाही यावरच वाद आहेत, पुष्कळांनी ती मांडणीच सोडून दिली आहे. तोरा एका हातची नाही यावर मात्र बहुतेकांचं एकमत. दोन, वेलहाउझेनच्या मांडणीत नंतरचा यहुदी कायदा म्हणजे मूळ जिवंत धर्माची उतरण, असा सूर आहे. राब्बी सोलोमन शेक्टर यांनी १९०३ मध्ये ग्रंथ कुणी, केव्हा लिहिला हे शोधणाऱ्या या सगळ्या उच्च चिकित्सेला उच्च दर्जाचा यहुदीद्वेष म्हटलं ते उगाच नाही. येशिवात (धर्मपाठशाळेत) शिकून आलेला एक तरुण वर्गात आहे. तो दर रविवारी सरांशी भांडतो, आणि त्या दिवशी पहिल्यांदाच त्याने मान डोलावली.

खरा ऐवज मधल्या बैठकांत आहे. तिथे सरांनी जर्मन प्राध्यापक बाजूला ठेवून आपल्याच राब्बींना, म्हणजे धर्मगुरूंना, बोलतं केलं. मला वाटत होतं, पाठ तपासणं ही परक्यांनी आपल्यावर लादलेली गोष्ट. तर यरुशलेमी तल्मूदात, म्हणजे राब्बींच्या चर्चांच्या जुन्या संग्रहात (तानिथ ४:२) चक्क असं आहे: मंदिराच्या अंगणात तोराच्या तीन गुंडाळ्या सापडल्या, प्रत्येकीत कुठे ना कुठे एक पाठ वेगळा होता, आणि त्यांनी प्रत्येक जागी दोघींचा पाठ धरला, एकीचा सोडला. तीन प्रती, बहुमत, निर्णय. आम्ही गिरगावात याहून वेगळं काही करत नव्हतो.

त्याहून भारी एज्रा शास्त्र्याची गोष्ट. तोराच्या गुंडाळीत दहा ठिकाणी अक्षरांच्या डोक्यावर ठिपके असतात. आजही सोफेर (तोरा लिहिणारा लेखनिक) ते तसेच काढतो. ते का, तर आवोथ दि राब्बी नाथान हा जुना ग्रंथ सांगतो की एज्राने दिलेत. त्याचं म्हणणं असं: उद्या एलियाहू संदेष्टा येऊन विचारेल, हे असं का लिहिलंस? मी सांगेन, मी ठिपके देऊन ठेवलेत. आणि तो म्हणाला, बरोबर लिहिलंस, तर मी ठिपके पुसून टाकीन. यावर मी वर्गात जरा मोठ्यानेच हसले. शंका आहे, खोडायचा अधिकार नाही, ठेवायची खात्री नाही; मग खूण करून वरिष्ठांची वाट बघायची. आणि आपल्याकडे ते वरिष्ठ म्हणजे साक्षात एलियाहू हन्नाबी, ज्यांच्यासाठी आपण मलिदा करतो! माझ्या आईने हजारदा त्यांचं गाणं म्हटलं असेल. त्यांच्याकडे प्रुफांचं एवढं काम साठलंय हे तिला कुणी सांगितलं नव्हतं.

तल्मूदातल्या किद्दुशिन ३० मधला उतारा तर मी घरी नेऊन पुन्हा वाचला. तोरातलं अगदी मधलं अक्षर कोणतं यावर चर्चा चाललीय. राव योसेफ विचारतात, हे अक्षर पहिल्या अर्ध्यात मोडतं की दुसऱ्या? उत्तर येतं, गुंडाळी आणा आणि मोजा. त्यावर ते म्हणतात, जुन्या लोकांना ऱ्हस्व-दीर्घासारख्या जास्तीच्या आणि गाळलेल्या अक्षरांचं नेमकं ज्ञान होतं, आपल्याला नाही. तल्मूदातला माणूस दीड हजारांहून जास्त वर्षांपूर्वी सांगतोय की आपल्या हातातली प्रत अक्षरन् अक्षर तीच आहे याची खात्री नाही. आणि दर शुक्रवारी यिग्दल हे स्तोत्र म्हणताना आपण मान्य करतो ते रामबामचं (मैमोनिडीसचं) आठवं श्रद्धातत्त्व सांगतं की आज हाती असलेली संपूर्ण तोरा मोशेला मिळाली तीच आहे. सरांनी हे दोन कागद शेजारी शेजारी ठेवले आणि चहाची सुट्टी दिली. चहा गार झाला, कुणी उठलं नाही.

तल्मूदातच बावा बाथ्रा १५ मध्ये तोराच्या शेवटच्या आठ वचनांचा वाद आहेच: "मोशे तिथे मेला" हे मोशेने कसं लिहिलं? एक म्हणतो ती यहोशवाने लिहिली, दुसरा म्हणतो देवाने सांगितली आणि मोशेने रडत लिहिली. बाराव्या शतकातला भाष्यकार इब्न एज्रा त्याहून पुढे जातो. "तेव्हा त्या देशात कनानी होते" (उत्पत्ती १२:६), म्हणजे लिहिणाऱ्याच्या वेळी नव्हते, इथे तो लिहितो की यात एक गुपित आहे आणि शहाण्याने गप्प राहावं. पुढे अनुवादाच्या सुरुवातीला अशा वचनांची यादीच देतो आणि पुन्हा गप्प. पाचशे वर्षांनी स्पिनोझाने त्याच्या वतीने तोंड उघडलं. येशिवातला तरुण म्हणाला, इब्न एज्राने गप्प राहायला सांगितलं तेही पाळायला हवं ना? सर म्हणाले, गुपित आहे असं लिहून ठेवणारा माणूस गप्प राहिलेला नसतो.

मराठी वाचकांना या वर्गाचा वेगळा फायदा आहे, तो सरांनी अर्ध्या तासात संपवला हे मला पटलं नाही. आपल्याला हे नवीन नाही. भांडारकर संस्थेने १९१९ साली महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचं काम हाती घेतलं, सुकथनकरांनी त्याची पद्धत घालून दिली, १,२५९ हस्तलिखितं ताडून १९६६ मध्ये ते पुरं झालं. नाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीच्या प्रती ताडून शुद्ध पाठ लावला, आणि यात स्वतःची ओवी घुसडणारा अमृताच्या ताटात नरोटी ठेवतो अशी तंबी दिली. पाठ शुद्ध करणारा माणूस भक्त असू शकतो, हे पैठणकडे बघितलेल्याला वेगळं शिकवावं लागत नाही. पण त्या तरुणाने इथेही बरोबर बोट ठेवलं. ज्ञानेश्वरी कुणी लिहिली हे सगळ्यांना ठाऊक आहे, आणि महाभारतातला एखादा श्लोक प्रक्षिप्त ठरला म्हणून कुणाचा परलोक जात नाही. आपल्या मिश्ना या धर्मकायद्याच्या ग्रंथात (सान्हेद्रिन १०:१) मात्र स्पष्ट आहे: तोरा स्वर्गातून नाही असं म्हणणाऱ्याला येणाऱ्या जगात वाटा नाही. चुकीच्या प्रुफाची एवढी मोठी शिक्षा मी दुसऱ्या कुठल्या धंद्यात ऐकलेली नाही.

आता तक्रारी. शेवटच्या दोन बैठका म्हणजे ज्यासाठी लोक येतात त्या: मग मेळ कसा घालायचा? आणि तिथेच घाई. दीड तासात चार आधुनिक यहुदी विचारवंत: रोझेनझ्वाइग, राब्बी मोर्देखाय ब्रॉयर, लुई जेकब्स, तामार रॉस. प्रत्येकाला एक बैठक लागते. ब्रॉयर (१९२१–२००७) मला विलक्षण वाटले, कारण हा माणूस स्वतः पाठ-संपादक; आलेप्पोच्या हस्तलिखितावर आधारित बायबलची आवृत्ती त्यांनी सिद्ध केली. कडक सनातनी. त्यांनी अभ्यासकांची वाटणी जवळपास तशीच स्वीकारली आणि म्हटलं, हो, आवाज वेगवेगळे आहेत. ते सगळे देवाचेच, न्यायाचा एक, दयेचा एक, मुद्दाम एकमेकांविरुद्ध लिहिलेले. ऐकायला सुंदर. पण मला पटलं नाही. प्रत्येक सांधा जर मुद्दाम ठेवलेला, तर हे मत चुकीचं ठरवू शकेल असा सांधा मिळणारच नाही. सरांना विचारलं तर म्हणाले, बरोबर, ते ब्रॉयरनाही चाललं असतं. हे उत्तर आहे की निसटणं, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

राब्बी लुई जेकब्स यांनी असा मेळ घालण्याची किंमत मोजली. १९५७ मध्ये त्यांनी लिहिलं की विश्वास ठेवायचा तर चिकित्सा पचवूनच. तोरा देवाची, पण ती माणसांमार्फत आली आणि माणसांच्या खुणा तिच्यावर आहेत. पुढे लंडनच्या ज्यूज कॉलेजचं प्राचार्यपद मुख्य राब्बींनी अडवलं, १९६४ मध्ये आपल्या जुन्या सिनेगॉगमध्ये परतणंही अडवलं, तेव्हा त्यांच्या लोकांनी नवीन सिनेगॉग काढलं. मला या सगळ्यांत त्यांचंच म्हणणं जवळचं वाटलं, कारण ते सांधे झाकत नाहीत आणि शब्बाथही सोडत नाहीत. येशिवातला तरुण म्हणाला, माणसांमार्फत म्हटलं की कुठली आज्ञा देवाची आणि कुठली माणसाची, हे ठरवणार कोण? तुम्ही? हा प्रश्न खरा आहे. त्यावर तामार रॉस यांचं उत्तर होतं, की प्रकटीकरण एका दिवसात संपलं नाही, समाजाच्या वाचनातून ते साचत जातं. ते सर सांगायला लागले आणि घड्याळात सात वाजले. पुढच्या तुकडीला दोन बैठका वाढवा आणि फी ₹५०० वाढवा, असं मी लिहून दिलंय.

आणि एक तक्रार, जी मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. संपूर्ण वर्गात वाद झाला तो गुंडाळी हातात असलेल्या लोकांचा: बाबेल, स्पेन, जर्मनी, लंडन. आपण कुठे होतो? आपले पूर्वज नवगावला किनाऱ्याला लागले, तेल गाळून जगले, शनिवारी घाणा बंद ठेवला म्हणून शनिवार तेली झाले. सुंता केली, शेमा ही प्रार्थना म्हटली. तोराची गुंडाळी नव्हती. पुस्तक नव्हतं. मुंबईत आपलं पहिलं सिनेगॉग सामाजी हसाजी दिवेकरांनी बांधलं ते १७९६ मध्ये, आणि हिब्रू-मराठी हग्गादा (पेसाहच्या रात्री वाचायची पोथी) छापली गेली ती १८४६ मध्ये. मग ज्यांनी पिढ्यान् पिढ्या एकही अक्षर न वाचता शब्बाथ पाळला, त्यांच्या श्रद्धेला जे, ई, डी, पी ने नेमका कुठे धक्का बसतो? शेवटच्या रविवारी मी हे उभी राहून विचारलं. सर म्हणाले, हा प्रश्न वर्गाचा पहिला असायला हवा होता. त्या तरुणाने सोडलं नाही: "मावशी, पण तो शब्बाथ कोकणात आला कुठून? कुणीतरी तोरा पाठ करूनच बोटीत बसलं असणार. आणि नंतर रहाबी गुरू आले, कोचीनचे शिक्षक आले, त्यांनी पुस्तकावरूनच आपल्याला पुन्हा शिकवलं." तेही खरं. त्यात भर म्हणजे आपल्याला मराठीत जुना करार वाचायला लावण्यात मिशनऱ्यांचा हात मोठा, त्यामुळे 'आमची शुद्ध मौखिक परंपरा' असं मिरवायलाही मी धजत नाही. पण प्रश्न मला अजून चांगला वाटतो, आणि त्यावर एक पूर्ण रविवार खर्ची पडायला हवा.

किरकोळ गोष्टी: झेरॉक्समध्ये हिब्रूची स्वरचिन्हं वाचता येत नाहीत, भिंग आणा. गठ्ठ्यात दोन ठिकाणी 'अनुवाद' ऐवजी 'गणना' छापलंय. मी ठिपके देऊन परत केलेत. खिडकीजवळ बसू नका, खालून लग्नाच्या वरातीचा बँजो वर येतो. खारी ताजी असते.

ज्यांना सिनेगॉगमध्ये शांत बसून ऐकायला आवडतं आणि मनात काही अडत नाही, त्यांनी या वर्गाला जाऊ नये, उगाच झोप जाईल. आपला मुलगा कॉलेजात काहीतरी वाचून येतो आणि जेवताना वाद घालतो, अशा घरातल्या दोघांनीही जावं, एकाच तुकडीत. पुढचा वर्ग हनुक्का सणानंतर आहे. येशिवातला तो तरुण पुन्हा येणार आहे म्हणतो, यावेळी स्वतःची टिपणं घेऊन. तो ज्या तुकडीत असेल तिथेच नाव घाला.